चौपट दोर

लोखंडी कप्प्या पिशवीत आणि दोराचं मोठं वेटोळं खांद्यावर, असे हे देवळाच्या पायऱ्या उतरून आले तेव्हा मी कळशी घेऊन विहिरीशी उभी होते, आणि मला बोलायची सोय नव्हती.

"सुमती, बाजूला हो जरा," हे म्हणाले. "आजपासून तुझा खांदा सुटला."

मी हातानंच विचारलं, हे काय?

"नंतर सांगतो. म्हणजे आत्ताच सांगतो, तुला कुठं मध्ये बोलता येणार आहे."

त्या वर्षी मी चातुर्मासाचा नेम धरला होता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज सकाळी आंघोळ करून रामेश्वराच्या विहिरीवर जायचं, आपल्या हातानं कळशीभर पाणी शेंदायचं, ते पिंडीवर टांगलेल्या, थेंब थेंब ठिबकणाऱ्या गळतीत ओतायचं, आणि ओतून होईपर्यंत मौन. शेंदताना दुसऱ्या कुणी दोराला, कळशीला हात लावायचा नाही. नेम वैजूसाठी होता. आमची एकुलती एक लेक. याआधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. या खेपेला डॉक्टरांनी तिला साताऱ्याला सासरीच पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तिच्या सासूबाई सगळं करत होत्या. बाळंतपण मार्गशीर्षात, कार्तिकीची द्वादशी सोडली की मी जायची, असं ठरलं होतं. तोवर माझ्या हातात करण्यासारखं एवढंच होतं.

श्रावण संपता संपता माझा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. विहीर आमच्याकडच्या विहिरींसारखी खोल, वाकून पाहिलं तर पाण्यात आपलं तोंड टिकलीएवढं दिसावं अशी. वर एकच लाकडी रहाट. दोर खाली ओढायचा म्हटलं की हात वर न्यावाच लागे, आणि नेला की डोळ्यांपुढं काजवे. डॉक्टर म्हणाले, असंच चालवलंत तर हात कायमचा आखडेल. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर गेले.

हे हायस्कुलात विज्ञान शिकवत. देवळात यायचे ते मला छत्री द्यायला, नाहीतर गावकीच्या सभेला. व्रतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण साध्या यंत्रांवर फार होता. तो धडा वर्गात शिकवून झाला की घरी पुन्हा चालू होई. अडकित्ता दिसला की "तरफ", पायरी दिसली की "उतरण", आणि त्यांच्या आत्या घरातल्या कुठल्या गोष्टीत पडल्या की हळूच माझ्या कानाशी, "टेकू हलला."

त्या आत्याही तेव्हा देवळातच होत्या. पारावर बसून जप करत होत्या. लहानपणीच वैधव्य आलेलं, सगळा जन्म उपासतापासांत गेलेला. कुठल्या व्रताला काय चालतं आणि काय चालत नाही, हे विचारायला अख्खी आळी त्यांच्याकडे येई. आता त्यांची माळ चालू होती, पण डोळे पुतण्याच्या पिशवीवर होते.

"वर जी एकटी कप्पी असते ना," हे आडव्या तुळईवर चढून लोखंड बांधता बांधता मला सांगत होते, "तिचा यांत्रिक फायदा एक. म्हणजे फायदा नाहीच. नुसती दिशा बदलते. आता वर दोन, खाली दोन. भार चार दोरांवर वाटला जातो. तुला पाव ओढायचं. आणि हात वर न्यायचाच नाही. दोर कमरेशी धरायचा आणि मागं मागं चालत जायचं."

"विसू," पारावरून आत्या म्हणाल्या, "देवाच्या विहिरीवर चपला घालून चढलायस."

यांनी वरूनच चपला खाली टाकल्या. एक पायऱ्यांवर पडली, एक विहिरीत. ती वर्षभर पाण्यावर तरंगत होती असं आत्या सांगत; पण ते खरं नाही, गुरवानं ती दुसऱ्याच दिवशी काढली.

सगळं जोडून झालं. मी कळशीच्या गळ्याला फास घातला आणि तिला सोडलं. कळशी हातभर खाली गेली आणि थांबली. मी दोर ढिला केला. कळशी जागची हलेना. विहिरीच्या तोंडाशी अधांतरी लोंबकळत राहिली.

आत्यांची माळ थांबली. "विसू, ती खाली का जात नाही रे?"

"रिकामी आहे ना. हलकी पडते. कप्प्यांचं घर्षण."

"म्हणजे तुझ्या यंत्रात आधी पाणी भरून मग कळशी सोडायची होय?"

हे शेजारच्या शाळेत गेले आणि कसलासा लोखंडी गोळा घेऊन आले. गोळाफेकीचा असावा. तो त्यांनी सुतळीच्या जाळीत घालून खालच्या कप्प्यांना बांधला. मग कळशी करकरत, कुरकुरत खाली गेली. पाण्याचा आवाज आला. मी दोर धरला, मनात 'नमः शिवाय' सुरू केलं आणि मागे चालू लागले.

खरं सांगते, पहिली पावलं टाकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खांदा दुखेना. हात कमरेशी, ओझं अंगाला, पाय चालताहेत. मी यांच्याकडे पाहिलं. हे हात पाठीमागे बांधून, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर उभे राहत तसे उभे होते.

मी पार ओलांडला. दीपमाळ ओलांडली. कळशी काही दिसेना.

"चल, चल," हे म्हणाले. "चौपट दोर यायचाय."

मी देवळाच्या दरवाजातून पाठमोरी बाहेर पडले. पाठीशी गल्ली. गल्लीपलीकडे रामा कासाराचं दुकान. रामा पायरीवर बसून राखुंडीनं दात घासत होता. मी मागे मागे चालत त्याच्यापर्यंत पोचले आणि माझी टाच त्याच्या पायरीला लागली.

"या काकू," रामा तोंडातलं थुंकून म्हणाला. "आज एवढ्या सकाळी? बांगड्या भरायच्यात?"

मी मान हलवली.

"मग? कोणी दोरीनं बांधलंय का तुम्हाला?"

तेवढ्यात देवळातून यांचा आवाज आला. "आली, आली. कळशी कठड्याशी आली. आता सोडू नको हं."

सोडू नको तर करू काय? कळशी विहिरीवर, मी कासाराच्या दारात. दोर सोडला तर कळशी खाली, धरला तर मी तिच्यापर्यंत जाणार कशी? यांना कळशीला हात लावायचा नव्हता. आत्यांना तर नव्हताच. मी हातवारे करून यांना दाखवलं की दोर कुठंतरी बांधायला हवा. यांना वाटलं मी थकले. ते म्हणाले, "विसावा घे, घाई नाही." मी पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, "अगं, किती हलकं लागलं ते नंतर सांग, आधी कळशी घे."

रामाला मात्र समजलं. त्यानं दुकानाच्या लाकडी खांबाकडे बोट दाखवलं. मी दोर खांबाभोवती फिरवून गाठ मारली, गल्ली ओलांडून देवळात आले, डाव्या हातानं कळशी कठड्यावर घेतली आणि गाभाऱ्यात नेली. गळतीत पाणी ओतलं. बाहेर येऊन यांना पहिलं वाक्य म्हटलं, "हात दुखला नाही हो."

हे वाकून कप्प्यांच्या गाठी तपासू लागले. कान लाल झाले होते.

पण घरी चहा पिऊन व्हायच्या आत आत्यांनी निकाल दिला. "हे चालायचं नाही."

"का?" हे म्हणाले.

"नेम आपल्या हातानं पाणी शेंदायचा आहे. तूच म्हणालास की ती पाव भाग ओढते. मग उरलेले तीन भाग कोणी ओढले? तुझ्या लोखंडानं. म्हणजे पाव कळशी सुमतीची आणि पाऊण कळशी लोखंडाची. देवानं काय पाव कळशी पदरात घ्यायची?"

"तसं नाही आत्या. यंत्र फुकट काही देत नाही. बल पाव लागतं, पण दोर चौपट ओढावा लागतो. गुणाकार तोच. कार्य तेवढंच. तिचे कष्ट कणभर कमी झालेले नाहीत."

"कमी झाले नाहीत?"

"नाहीत."

"मग ते बांधलंस कशाला?"

यांनी बशी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. बशीतला चहा तसाच राहिला.

"कष्ट कमी होत असले तर नेम मोडतो," आत्या म्हणाल्या, "आणि होत नसले तर तुझी खटपट वाया. दोन्हींतलं एक काय ते सांग, म्हणजे मी गप्प बसते."

मी चुलीपुढं बसून ऐकत होते. मला हसू येत होतं, पण आत्यांचा शब्द मी मोडला नसता. वैजूसाठीचा नेम, त्यात शंकेला जागा नको. त्यांनी नाही म्हटलं असतं तर उद्या मी पुन्हा साध्या रहाटावर गेले असते, आणि हा हात कार्तिकीपर्यंत पुरला नसता. पाणी घालणं थांबलं असतं. त्यापुढचं मी मनातसुद्धा आणत नव्हते.

हेही जाणून होते. नाहीतर व्रत न मानणारा माणूस आत्यांशी एवढा वाद घालता ना.

"एक दिवस द्या," हे म्हणाले. "मी मोजून दाखवतो."

"पुण्य मोजणार?"

"ओढ मोजणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शाळेच्या प्रयोगशाळेतला मोठा ताणकाटा घेऊन आले. दोराच्या टोकाला तो लावला. मी काट्याची कडी धरून मागे चालायचं आणि यांनी माझ्याबरोबर वाकून चालत काटा वाचायचा. दोराला त्यांचा हात लागू नये म्हणून आत्या बरोबर. असे आम्ही तिघं देवळातून बाहेर पडलो. मी पाठमोरी, हे वाकलेले, आणि आत्या दोघांवर डोळा ठेवून. रामा कासारानं आज बायकोलाही पाहायला बाहेर बोलावलं होतं.

काट्यावरचा आकडा पाहून यांचा चेहरा उतरत गेला. पारापाशी उतरला, दीपमाळेपाशी आणखी उतरला. गल्लीत आलो तेव्हा पेपरात नापास झालेल्या मुलासारखे दिसत होते.

मी पाणी घालून आले तरी हे पारावर बसून पुन्हा पुन्हा तोच गुणाकार करत होते.

"काय निघालं?" आत्यांनी विचारलं.

"पाव भाग यायला हवा होता," हे हळू आवाजात म्हणाले. "निम्मा येतो. कप्प्या घासतात. वर तो गोळा आणि खालचं लोखंड, तेही दर खेपेला उचललं जातं. कार्यक्षमता फार वाईट आहे. पन्नास टक्के."

"माझ्या भाषेत सांग."

"ओढ निम्मी, पण दोर चौपट. म्हणजे..." त्यांना ते उच्चारणं जड जात होतं. "म्हणजे एका कळशीला सुमती दोन कळश्यांचे कष्ट करते. निम्मे वाया जातात."

आत्यांनी माळ कपाळाला लावली.

"कुठं वाया जातात?"

"घर्षणात. करकर ऐकू येते ना, त्यात. कप्प्या गरम होतात, त्यात."

"आणि तिचा खांदा?"

"तो वाचतो. एका वेळी थोडंच ओढायचं असतं ना. पण एकूण हिशेबानं पाहिलं तर हे यंत्र म्हणजे..."

"उत्तम आहे," आत्या म्हणाल्या. "चालेल. साध्या रहाटापेक्षा चांगलं. दुपटीनं पदरात पडतंय."

हे त्यांच्याकडे पाहतच राहिले. चाळीस टक्क्यांनी पास करावं अशी पोरं त्यांनी पाहिली होती, पण नापास झाल्याबद्दल बक्षीस मिळालेलं पहिल्यांदाच पाहत असावेत.

"आत्या, दोन थेंब तेल घातलं की बरीच सुधारणा होईल," ते उठून म्हणाले. "मी आणलंय तेल. पाऊणशे टक्क्यांपर्यंत सहज—"

"खबरदार," आत्या म्हणाल्या. "कार्तिकीपर्यंत त्याला तेलाचं बोट लागता कामा नये. करकरू दे."

मग भाद्रपद गेला, आश्विन गेला, आणि कप्प्या करकरत राहिल्या. आळीला त्या आवाजाची इतकी सवय झाली की करकर सुरू झाली की बायका चुली पेटवत आणि रामा कासार खांब मोकळा करून ठेवी. हे रोज कामावर जाण्याआधी विहिरीशी येऊन उभे राहत आणि तो आवाज ऐकून दात दुखत असल्यासारखा चेहरा करत. एकदा मी त्यांना विचारलं, इतका त्रास होतो तर येता कशाला? म्हणाले, "बिघडलं तर कोण पाहणार?" माझा खांदा मात्र हळूहळू सुटत होता. वैजूची पत्रं येत होती. बाळ पोटात लाथा मारतं, असं तिनं लिहिलं होतं.

कार्तिकी चार दिवसांवर आली असेल. सकाळी मी कळशी खाली सोडली, ती भरली, मी दोर कमरेशी धरला आणि निघाले. त्या दिवशी विहिरीवर हे नव्हते. आमच्या घरी तेव्हा नुकताच फोन बसला होता आणि मी घरातून निघता निघता तो वाजत होता. कोणाचा असेल ते विचारायची सोय नव्हती.

मी पारापाशी पोचले आणि हे दरवाजातून आत आले. पळत. यांना पळताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"सुमती," ते म्हणाले, आणि धाप लागून थांबले. "झाली. मुलगी झाली. पहाटे. साताऱ्याहून फोन आला."

माझे पाय थांबले. महिनाभर आधी? मी डोळ्यांनी विचारलं, आणि वैजू?

"दोन किलो आणि तीनशे ग्रॅम," हे म्हणाले. "महिना आधीच्या मानानं चांगलं आहे."

मी मान हलवली. ते नाही, ते नाही. वैजू.

"रडली का? रडली ना. लगेच रडली. फोनवरसुद्धा आवाज येत होता."

दोर कमरेत रुतत होता. कळशी विहिरीत कुठंतरी मध्ये लोंबत होती. दोर सोडला तर कळशी गेली, तोंड उघडलं तर मौन गेलं. ज्या नेमानं इतके महिने लेकीला धरून ठेवलं, तो तिचं काय झालं हे कळायच्या आत मी सोडायचा? मी मागे चालू लागले. हे माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून, तितक्याच पावलांनी चालू लागले.

"केस भरपूर आहेत म्हणाले. आणि नाक आपल्या आत्यांवर गेलंय असा माझा अंदाज, म्हणजे वर्णनावरून."

मी डाव्या हाताचं बोट पोटाकडे नेलं, कपाळावर कुंकवाची खूण केली, हातानं उंची दाखवली. आपली वैजू. उंच. तुमची मुलगी.

"उंची? उंची नाही विचारली."

मी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली नाही. त्या दिवशीही दिली नाही, पण 'नमः शिवाय' मनात म्हणता म्हणता मधली काही अक्षरं फार जोरात आली.

साधा रहाट असता तर पाणी केव्हाच वर आलं असतं. चौपट दोर. दीपमाळ अजून मागे होती. पावलापावलाला करकर. माझ्या मनात आलं, यांचा चेहरा नीट बघावा. वाईट असतं तर चेहऱ्यावर असतं. पण यांचा चेहरा कधी वाचता येत नसे. चांगला निकाल असो की वाईट, ते चष्मा पुसत. आता ते चालता चालता चष्मा पुसत होते.

दीपमाळ. दरवाजा. गल्ली. रामा कासार खांबाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नुसता बाजूला झाला. मी दोर बांधला. गाठ दोनदा सुटली. परत देवळात. कळशी काठावर घेतली, उचलली. गाभाऱ्यात पिंडीवरची गळती निम्म्याहून रिकामी झालेली. मी सगळं पाणी त्यात ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले, डोकं टेकलं आणि बाहेर आले.

हे उंबऱ्याबाहेर उभे होते. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"वैजू कशी आहे?"

"वैजू?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "बरी आहे. तिनंच तर फोन केला."

मी तिथंच पायरीवर बसले.

"तिनंच?"

"दवाखान्यात फोन तिच्या पलंगापर्यंत नेला जावयांनी. चांगली बोलत होती. थकलीय, पण हसत होती. म्हणाली..." हे एकदम घुटमळले. "म्हणाली, बाबा, आईचं पाणी घालून होईपर्यंत तिला काही सांगू नका. तिला विचारता येणार नाही आणि तुम्हाला सांगता येणार नाही."

"मग सांगितलंत कशाला अर्ध्या वाटेत?"

हे खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते.

"मला वाटलं, कळलं की दोर हलका लागेल तुला."

"जड झाला," मी म्हटलं. "फार जड झाला."

"हो, दिसत होतं," ते म्हणाले. "पण काय चुकतंय ते कळेना."

आत्या पारावरून उठून आल्या होत्या. त्यांना नातीचं कळलं, वजनाचं कळलं, नाकाचंही कळलं. त्यांनी देवाला हात जोडले, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

द्वादशीला मी साताऱ्याला गेले. तोवरचे चार दिवस मी पाणी शेंदत होते तेव्हा हे रोज आले. गल्लीपर्यंत माझ्यासमोर चालत आले आणि मी गाभाऱ्यातून बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. कप्प्या करकरल्या तरी नाहीत. कुणी 'सर' म्हणून हाक मारली तर बोट ओठावर ठेवत. पहिल्या दिवशी रामा कासारानं मला विचारलं, "सरांनी पण धरलं का काय?" मी हो की नाही ते कळू नये अशी मान हलवली. माझंही मौन होतं, आणि खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं.